मोकळी दावण

(उत्तर बल्गेरियातलं लिपनित्सा गाव. कम्युनिस्ट राजवट नुकतीच कोसळलेली. सामुदायिक शेताचा गोठा. सकाळ.)

रादोय : अक्का, ते फावडं ठेव खाली आणि माझं ऐक. शाळेत माणसं जमायला लागलीत.

वेलिका : ऐकतेय की. शेणाला तुझ्या सभेचं काय कौतुक? ते पडेल तसं उचलावं लागतं.

रादोय : आज तरी धुतलेले कपडे घालून ये. अख्खं गाव असणार.

वेलिका : अख्खं गाव मला ह्याच कपड्यांत ओळखतं. दुसरे घातले तर विचारतील, ही पाहुणी कोण? सरक जरा. कलिना गायीला पुढं येऊ दे. तू मध्ये उभा राहिलास की ती बुजते.

रादोय : खरं सांगू? तू आलीच नाहीस तर बरं.

वेलिका : आता कसं बोललास! एवढ्या चिखलातून चांगले बूट घालून आलास ते कपड्यांचं सांगायला नव्हे, हे कळलंच होतं मला.

रादोय : तुझ्यासाठीच सांगतोय. तू उठून उभी राहशील, कळप मोडू नका म्हणशील, आणि लोक हसतील. माझी बहीण आहेस. मला ते बघवणार नाही.

वेलिका : हसू देत. तरणी होते तेव्हापासून ऐकतेय मी, वेलिकानं गायींशी लग्न लावलंय म्हणून. अजून थोडं हसले तर माझं काय झिजणार?

रादोय : हे बघ, कायदा सोफियाहून आलाय. अख्ख्या देशात एकही सामुदायिक शेत राहणार नाही. ज्याची जमीन त्याला परत. जनावरं, अवजारं, यंत्रं, सगळं वाटून टाकायचं. वाटणी समितीचा अध्यक्ष म्हणून मी फक्त...

वेलिका : अध्यक्ष! आई असती तर तुझ्या कानामागे काजळाचं बोट लावलं असतं.

रादोय : चेष्टा नको.

वेलिका : चेष्टा कुठं करतेय? आपल्या घरात कुणी अध्यक्ष झालं नव्हतं. पण मला एक सांग, त्याच कायद्यात असंही लिहिलंय ना, की ज्यांना आपल्या मर्जीनं एकत्र राहायचंय त्यांनी राहावं? तुझ्याच लेकीनं वाचून दाखवलं मला.

रादोय : बिल्यानाला नको तिथं वाचायची खोड आहे.

वेलिका : मग जमिनी वाटा की. मी कुठं नको म्हणते? ज्याचं वावर त्याला मिळू दे. फक्त ह्यांना राहू दे एका दावणीला. गोठा एक, कळप एक, मालक सगळं गाव. ह्या गायी यंत्रावर धार द्यायला शिकलेल्या. एकेकटी कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी नेऊन बांधलीत, तर सुकून जातील रे.

रादोय : ‘एकत्र’ हा शब्द ह्या गावात कुणाला ऐकवत नाही आता. मला तर नाहीच नाही.

वेलिका : माहीत आहे.

रादोय : काय माहीत आहे? तात्यांना तळघरात कोंडलं होतं, गुडघाभर पाण्यात, एकत्र या म्हणून! सही करेपर्यंत बसूही दिलं नाही. बाहेर आले तेव्हा बोलताही येत नव्हतं त्यांना.

वेलिका : त्यांचे पाय मी शेकले, राद्या. तुला बाहेर पाठवलं होतं आईनं, तू बघू नयेस म्हणून. मला कशाला सांगतोस?

रादोय : तू विसरलीस असं वाटतं म्हणून. कालचं ताट ज्यांनी दिलं त्यांचं गाणं गातेस.

वेलिका : आणि तू रे? ह्याच शेताचे ट्रॅक्टर दुरुस्त करत म्हातारा झालास की. पगार त्यांचाच खाल्लास.

रादोय : खाल्ला. दुसरं ताट ठेवलं होतं कुणी समोर?

वेलिका : मग मलाही तेच होतं. गाणी मी कुणाची गात नाही. ग्रोझदान चेअरमन दूध पळवायचा ते मी बघितलंय. हिवाळ्यात सूर्यफुलाची पेंड त्याच्या घरच्या डुकरांना जायची, माझ्या गायी भुसा चघळायच्या. सगळं डोळ्यांनी बघितलंय. पण म्हणून गायींनी काय केलं?

बिल्याना : बाबा! इथं आहात होय. तिकडे सगळे अध्यक्ष कुठं, अध्यक्ष कुठं म्हणून ओरडतायत. आत्या, अगं पाय पुढं कर. हे काय, दोन पायांत दोन वेगळे बूट?

वेलिका : एकाचा जोडीदार फाटला.

बिल्याना : तू खरंच उठून बोलणार आहेस?

वेलिका : बोलायचं काय? हात वर करणार.

बिल्याना : हरशील, आत्या. मी सगळीकडे कानोसा घेतलाय. एकाही घरात कळपाची गोष्ट ऐकून घ्यायला माणूस तयार नाही. प्रत्येकाला आपल्या परसात आपली गाय हवीय. आणि मी तुला लबाडी करून सांगणार नाही, माझा हातही बाबांच्याच बाजूनं जाणार आहे.

वेलिका : तुझा हात तुझा. सोफियाच्या चौकात बर्फात उभी राहून ओरडत होतीस ना, घसा बसेपर्यंत, त्यासाठीच ना?

बिल्याना : हो. त्यासाठीच. पण तेव्हा मला वाटायचं, जे होईल ते सगळ्यांना बरं वाटेल असं होईल. तुझ्याविरुद्ध हात वर करावा लागेल, हे काही त्या घोषणांत नव्हतं.

रादोय : चला आता. अक्का, येणार असलीस तर ये. पण एक ध्यानात ठेव. आजपर्यंत ह्या गावात जेवढ्या सभा झाल्या, तेवढ्यांत सगळ्यांचे हात वर गेले. प्रश्न काय आहे हे ऐकायच्या आधीच. माझाही जायचा. आज पहिल्यांदा हा हात माझा आहे. आज मी तो स्वतः उचलणार.

वेलिका : उचल बाबा. अडवत नाही. माझाही आज पहिल्यांदाच माझा आहे.

* * *

(सभेनंतर काही दिवसांनी. गोठ्याच्या बंद दारासमोर. दिवस मावळताना.)

वेलिका : दार उघड, राद्या.

रादोय : दाराला सील आहे, अक्का. समितीनं लावलंय.

वेलिका : समिती म्हणजे तूच.

रादोय : मी एकटा नाही. आणि आता ह्या गायी समितीच्याही नाहीत. सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटल्या. ज्याच्या त्यानं घरी नेल्या.

वेलिका : मग इथं काय करतायत त्या? बघ की डोळे उघडून.

बिल्याना : बाबा, सगळ्याच आल्यात. दिवस मावळायला लागला तशा निघाल्या. कुणी दावं तोडलं, कुणी खुंटाच उपटून मागं ओढत आणलाय. स्तोयनोवांची तर फाटकाची फळी गळ्यात घेऊन आलीय. मी चौकात होते, माझ्या समोरून एकामागून एक गेल्या. कुणी हाकत नव्हतं. आपापल्या आल्या.

वेलिका : धारेची वेळ झाली. कुठं जाणार त्या? जन्मल्यापासून ह्या वेळी ह्याच दारातून आत जातात. कासा बघ त्यांच्या. दगड झाल्यात. सकाळपासून कुणाला धार काढता आली नाही.

रादोय : शिकतील माणसं. एका दिवसात कुणाला येतं?

वेलिका : माणसांचं म्हणत नाही मी. कासा फुटतील की त्यांच्या! यंत्राच्या गायी ह्या. अनोळखी हात लागला की पान्हा चोरतात. ओढली तर लाथ घालतात. पेत्रानाचं मनगट मोडलंय, ऐकलंस ना?

बिल्याना : आणि कोलेवांच्या दोन घरांत मिळून एक गाय आली होती. ती दोघं उद्या कापणार आहेत. अर्धी अर्धी. पोटात वासरू आहे तिच्या.

रादोय : मी नाही सांगितलं कापायला! ज्याची वस्तू त्याची मर्जी, ह्यात मी काय करू? तीच तर गोष्ट आहे ना? आपलं आहे ते आपलं आहे. चुकलं तरी आपलं.

वेलिका : दार उघड.

रादोय : उद्या सगळं गाव म्हणेल, अध्यक्षानं बहिणीसाठी शब्द फिरवला. मतदान झालंय, अक्का. तुझ्या बाजूनं मूठभर हात होते.

वेलिका : होते. मी मान्य केलं ना? सभेतून निघाले तेव्हा एक अक्षर बोलले का? सकाळी तू टोपीतून चिठ्ठ्या काढत होतास, तेव्हा मीच एकेकीला सोडून देत होते. ही तुझी, जपून ने. ही पोटुशी आहे, धोंड्यांवरून नेऊ नको. हिला डाव्या बाजूनं हात लाव. सगळं केलं मी. हरले ते हरले. पण हे दुखणं त्यांचं आहे, त्यांनी कुठं मतदान केलं होतं?

बिल्याना : बाबा, उघडा ना. धार काढेपर्यंत तरी.

रादोय : तू गप्प बस. अक्का, तुला एक विचारतो. तात्यांचे बैल आठवतात? बेल्चो आणि सिव्चो?

वेलिका : आठवतात.

रादोय : तेही ह्याच दारातून आत नेले. तेव्हा उघडलं कुणी दार? तात्या तिकडं कुंपणाशी उभे राहायचे. बैल आतून हंबरायचे, आणि ते बाहेरून हाका मारायचे. सगळं गाव बघायचं. कुणाला कळवळा आला नाही. आणि त्याच महिन्यात माझी सख्खी बहीण ह्याच गोठ्यात कामाला लागली! तात्यांच्या नाकावर टिच्चून. आज इथं उभी राहून मला जनावरांचं दुखणं शिकवतेस?

वेलिका : तात्यांनीच पाठवलं मला.

बिल्याना : काय?

रादोय : खोटं बोलतेस.

वेलिका : कशासाठी बोलू? आता खोट्यातून काय मिळणार मला? बैल त्यांना बघायचे आणि मग वैरणीला तोंड लावायचे नाहीत. सुकत चालले होते. एके दिवशी संध्याकाळी तात्या घरी आले, चुलीशी बसले, टोपी काढली नाही. म्हणाले, मी गेलो की त्यांचे हाल होतात, नाही गेलो तर माझे. वेलिके, तू जा तिथं कामाला. जनावरं तिकडे गेलीत, आपलं कुणीतरी त्यांच्याजवळ हवं. मी म्हटलं, लोक थुंकतील माझ्यावर. तर म्हणाले, थुंकतील. तोंड धू आणि वैरण घाल.

रादोय : मी घरातच होतो तेव्हा. मला कसं नाही...

वेलिका : तू माळ्यावर झोपला होतास. नाहीतर झोपेचं सोंग घेऊन पडला होतास, मला काय ठाऊक.

रादोय : मला का नाही सांगितलं?

वेलिका : तात्या नको म्हणाले. पोराला राग आहे तेवढाच त्याच्याजवळ आहे, म्हणाले. त्यावर उभा राहील तो. तो काढून घेऊ नका.

रादोय : आणि नंतर? तात्या त्याच हिवाळ्यात गेले. बैलही गेले. त्यानंतर एवढी वर्षं?

वेलिका : नंतर तू विचारलं नाहीस. मयताच्या दिवशीसुद्धा माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस. आणि... बैल मेल्यावर मी इथून जायला हवं होतं ना? मी नाही गेले. इथं मला बरं वाटायला लागलं होतं. वासरं होती, पहिल्यांदा व्यायलेल्या पोरी होत्या. ते तुला कसं सांगू? कुठल्या तोंडानं सांगू?

बिल्याना : बाबा... बाबा, रस्त्यावरून माणसं येतायत. दोर आहेत हातात.

रादोय : कंदील धर. इकडे. कुलपावर धर. असा नको, माझी सावली पडतेय.

बिल्याना : सील?

रादोय : तोडलं. जा, आत जा सगळ्या. जा गं बायांनो.

वेलिका : हळू. ढकलू नकोस. आपापली जागा ठाऊक आहे त्यांना. बघ, बघ कशा चालल्या. कलिना, थांब. झोरा तुझ्या पुढं असते ना? तिला जाऊ दे.

बिल्याना : आत्या, दिवे लागत नाहीत.

रादोय : वीज तोडलीय. यंत्रं चालणार नाहीत.

वेलिका : मग हातानं. मला सोडतील त्या. राद्या, येतं का रे तुला अजून?

रादोय : तात्यांनी शिकवलं होतं. एका म्हशीवर.

वेलिका : म्हैस परवडली ह्यांच्यापेक्षा. बस झोराखाली, तुझ्याच चिठ्ठीत आलीय ती. डोकं तिच्या कुशीला टेकव. आधी बोल तिच्याशी.

रादोय : काय बोलू?

वेलिका : काहीही. सभेत बोलतोस तसं मात्र नको.

रादोय : चरव्या कुठं आहेत?

वेलिका : चरव्या?

रादोय : हो, दूध कशात काढायचं?

वेलिका : चरव्या सकाळीच वाटल्या, अध्यक्ष. बादल्याही वाटल्या.

बिल्याना : मी घरून आणते. पळत जाते.

वेलिका : घरून आणशील चार भांडी. एवढ्या कासांना काय पुरणार? राहू दे. जमिनीवर काढू.

बिल्याना : जमिनीवर? आत्या, दूध आहे ते! गावात पोरांना दूध मिळत नाही, दुकानासमोर पहाटेपासून रांग असते...

वेलिका : ठाऊक आहे मला. काढ, राद्या. बघतोस काय? तिला दुखतंय.

रादोय : सोडत नाहीये.

वेलिका : सोडेल. घाई करू नकोस. आली बघ धार. आली ना?

रादोय : आली. अक्का, आली गं. गरम आहे केवढं.

वेलिका : बिल्याना, बाहेर कोण ओरडतंय?

बिल्याना : माणसं पोचली. म्हणतायत, आमच्या गायी द्या.

वेलिका : त्यांना म्हणावं, आत या. आपापल्या गायीजवळ बसा, मी दाखवते कसं ते. बायकांना म्हण आधी.

बिल्याना : येतायत... पेत्राना आलीय, हात गळ्यात बांधून. म्हातारी राइना येतेय. दूध तिच्या पायांशी आलंय, ती ओलांडून येतेय.

रादोय : आणि बाप्ये?

बिल्याना : ते दारातच थांबलेत. काहींनी टोप्या काढल्यात. का काढल्यात ते त्यांनाही ठाऊक नसावं.

* * *

(बऱ्याच महिन्यांनी. हिवाळ्याच्या तोंडावर. वेलिकाचं घर.)

रादोय : आहेस का घरात?

वेलिका : कुठं जाणार? ये. पाय झाडून ये, आत्ताच पुसून काढलंय. घेवड्याचं सूप आहे, वाढू?

रादोय : भूक नाही. थोडी रकिया दारू असली तर दे. प्लमचीच आहे ना?

वेलिका : ह्या वर्षीची नाही. ह्या वर्षी प्लम झाडाखालीच कुजले. वेचायला माणूस कुठं होतं? घे.

रादोय : बिल्यानाला बसमध्ये बसवून आलो.

वेलिका : गेली का? मला वाटलं उद्या आहे.

रादोय : आजच. इथं येणार होती तुला भेटायला. पण सकाळी कसाईखान्याला गायी न्यायला ट्रक आला, तू त्याच्या फळीवर उभी होतीस. लांबूनच बघितलं तिनं तुला आणि म्हणाली, बाबा, चला, मला नाही बघवत. फाटकाला ही शाल अडकवून जाणार होती तुझ्यासाठी, मी म्हटलं मीच देतो.

वेलिका : अथेन्सला पोचायला किती लागतं?

रादोय : एक रात्र आणि दिवस. कुठल्याशा म्हातारीला सांभाळायचंय. अंघोळ घालायची, भरवायचं.

वेलिका : म्हातारी माणसं इथंही होती की.

रादोय : तेच म्हणालो मी. तर म्हणाली, इथल्या म्हाताऱ्यांना पैसे पाठवायला तिथल्या म्हातारीला सांभाळतेय. हसत म्हणाली. नंतर रडली. शाळाच बंद झाली तिची, काय करेल पोर? पोरं नाहीत गावात, शिकवणार कुणाला?

वेलिका : चौकात उभी होती ना ती, बर्फात? मला पत्र लिहिलं होतं तेव्हा. आत्या, आता कुणालाही कुठं जायला परवानगी मागावी लागणार नाही म्हणून.

रादोय : लागली नाहीच. कुणी अडवलं नाही तिला. मीसुद्धा नाही.

वेलिका : बस. उभा का आहेस?

रादोय : ट्रक कुणाचा होता, बघितलंस?

वेलिका : बघितलं. ग्रोझदानचाच. स्वतः आला होता, चामड्याचा कोट घालून. मला म्हणाला, वेलिका, नवरीमुलींसारख्या सजवून आणल्यास की.

रादोय : शेताचा चेअरमन होता तेव्हा दूध पळवलं, मोडलं तेव्हा ट्रॅक्टर घेतले, आता गायी. मी त्याच्याविरुद्धच उभा राहिलो होतो ना? त्याच्याच विरुद्ध हात वर केला मी. मग सगळं त्याच्याच दारात कसं जाऊन पडलं?

वेलिका : मला नाही सांगता येत, राद्या.

रादोय : झोरानं चढताना त्रास दिला का?

वेलिका : नाही. कुणीच दिला नाही.

रादोय : माझ्यानं आणून देववली नाही तिला. शेजाऱ्याकरवी तुझ्याकडं पाठवली. रागावलीस?

वेलिका : नाही रे. बरं झालं. दुसऱ्या कुणामागे त्या फळीवर चढल्याच नसत्या. आधी ग्रोझदानची माणसं काठ्या घेऊन सुरू झाली होती. मी म्हटलं, काठ्या टाका, मी नेते. मी पुढं झाले की त्या मागं येतात. बस, तसंच नेलं. एकेकीला आत नेलं, बांधलं, बाहेर आले. दुसरीला नेलं.

रादोय : आणि कलिना?

वेलिका : कलिना शेवटी.

रादोय : तुझी एकटीची गाय होती ती. ठेवायची होतीस.

वेलिका : काय घालून? कुरणाच्या चिंधड्या झाल्या. कुणी कुंपण घातलं, कुणी नांगरून तसंच टाकलं. गवत आणायला जायचं तर तिघांच्या बांधावरून जायचं, आणि तिघंही भांडणारे. दुधाची गाडी उन्हाळ्यापासून येत नाही. हिवाळाभर उपाशी हंबरताना ऐकायचं आणि मग न्यायची? मी म्हटलं, अंगावर मांस आहे तोवर... तिला कळलं नाही, हे एक बरं. माझ्यामागे चढली. तिला वाटलं मी गोठ्यात नेतेय.

रादोय : अक्का.

वेलिका : पी. सांडतेय.

रादोय : मी चुकलो का गं? खरं सांग. मी आज तेवढंच विचारायला आलोय.

वेलिका : तात्यांची जमीन तात्यांची होती. त्यांच्याकडून घेतली ते पाप होतं. तू परत आणलीस.

रादोय : आणली. मोजणीवाल्यानं उन्हाळ्यात काठ्या रोवून दिल्या. मी त्याला म्हटलं, इथं जंगली नाशपातीचं झाड होतं, तात्या त्याखाली जेवायचे. तर म्हणाला, आजोबा, इथं सगळा सपाट नकाशा आहे. तो गेल्यावर मी मधोमध जाऊन उभा राहिलो. एवढी वर्षं मी ठरवत आलो होतो, त्या मातीत उभा राहीन तेव्हा काय वाटेल ते. रडायला येईल, असं वाटायचं. गुडघ्यावर बसेन, असंही वाटायचं.

वेलिका : मग?

रादोय : काहीच वाटलं नाही. वारा होता. टोपी धरून उभा होतो. मग घरी आलो.

वेलिका : होईल ओळख हळूहळू.

रादोय : नांगरायला ग्रोझदान ट्रॅक्टर देतो म्हणाला. निम्मं पीक मागतो. मी कुदळ घेतली. रोज जातो.

वेलिका : किती झालं?

रादोय : तुझ्या ह्या अंगणाएवढं. हसू नकोस.

वेलिका : हसत नाही.

रादोय : लोक रस्त्यावरून जाताना बघतात. एवढं सगळं मिळालं आणि त्यात माझा एकट्याचा आवाज येतो. कुदळीचा. बिल्याना म्हणायची, बाबा, विकून टाका. कुणाला विकू? सगळ्यांकडेच आहे आता.

वेलिका : परवापासून मी येते. सकाळी.

रादोय : तू कशाला? तुझे गुडघे...

वेलिका : गुडघे वाकायला नको म्हणतात, बांधावर बसायला नको म्हणत नाहीत. तसं मला दुसरं काय काम आहे?

रादोय : पहाटे लवकर जातो मी. उजाडायच्या आधी. झोप येत नाही हल्ली.

वेलिका : मलाही नाही. चार वाजले की डोळे उघडतात. वाटणीपासून घरी फक्त कलिना, तरी शरीराला वाटतं सगळ्या वाट बघतायत. आज पहाटे तिची शेवटची धार काढली. उद्या कुणीच नसेल, पण मला ठाऊक आहे, मी उठेन.

रादोय : उठून काय करशील?

वेलिका : पाणी तापवीन. ते पहिलं काम. त्यात हात बुडवून बसायचं, चांगले ऊन होईपर्यंत. गार हात लागला तर गाय दचकते.

रादोय : अगं, पण गाय कुठं आहे आता?

वेलिका : नाही ना. हात तसेच ऊन घेऊन बसेन थोडा वेळ. मग होतील गार.